कीबोर्डची पारख

अंजूचा पियानोचा क्लास सोमवारी मुरबाडात सुरू व्हायचा होता. तिच्या बापानं, संदेशनं, आसनगावात एक जुना कीबोर्ड बघून ठेवला आणि पारखायला अंजूबरोबर आपल्या वडिलांनाही नेलं. अनंताबाबांनी म्हसा गावच्या यात्रेत चाळीस वर्षं बैल पारखले होते. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या घरात जुनं काही यायचं नाही.

बाबांनी कीबोर्डच्या पाठीवरून हात फिरवला, पट्ट्या दातांसारख्या मोजल्या, मग मालकिणीला विचारलं, “कशापायी विकता?”

“आमच्या पोरीला शिकायचं नाय. गिऱ्हाईक आलं तर सुटलीस, नायतर वर्षभर शिकावंच लागेल, असं सांगितलंय तिला.”

तिची पोर तर हसत हसत वायर गुंडाळत होती.

बाबा उठले. “नको रे, संदेश. ज्याचं दावं सोडताना घरातलं कुणी रडत नाय, तो बैल आपण घेत नाय. जनावरात खोट असते.”

“बाबा, मशीन हाय हे!”

“मंग? मशीनला माया लावत नाय काय कोणी?”

अंजूनं पट्टीवरचं बोट नाइलाजानं उचललं. तिघं दारात चपला घालू लागली, तशी त्या पोरीच्या हातातली वायर गळून पडली. कीबोर्डवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली.

बाबांनी पायातली चप्पल काढली. त्यांचेही डोळे भरून आले होते.

“बघ, केवढा जीव लावलाय पोरीनं! उचल, संदेश.”