पंखा चालू असेपर्यंत

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल, उन्हाळ्यातली दुपार. कापड कारखान्यामागच्या गल्लीतल्या एका खोलीत बायका गोल करून बसल्या होत्या आणि कुणीच बोलत नव्हतं.

खोली कामगार बायकांच्या मंडळाची. त्यांना एका संस्थेकडून छोटंसं अनुदान मिळालं होतं. त्यातून ही खोली घेतली, मन मोकळं करायला एक शिकलेली बाई ठेवली आणि कारखान्यातली सुताची लव ओढून घेणारा एक मोठा पंखा आणला. शिकलेल्या बाईला सगळ्या 'ऐकणारी' म्हणत. तिनं हौसेनं जाड पडदे लावले, दाराला आतून गादी ठोकली. बाहेरचं कुजबुजणंसुद्धा आत येऊ नये, म्हणजे बायका निवांत बोलतील.

बायका यायच्या, चहा प्यायच्या, "बरं आहे" म्हणायच्या आणि उठून जायच्या.

आज अनुदानवाल्या बाई पाहायला आल्या होत्या. त्यांना काही दिसलं नाही, तर खोली बंद होणार होती.

"बोला ना," ऐकणारी काकुळतीनं म्हणाली. "कुणाला झोप येत नाही, कुणाला भीती वाटते..."

कांडीवालीनं मान खाली घातली. ती मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. हिवाळ्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण एकदा का ते तोंडातून गेलं की गावभर वेडी म्हणून नाव व्हायचं, आणि वेडीला कामावर कोण ठेवणार?

शेवटी तोफ बोलली. तोफ म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात जुनी कामगार. कारखान्याच्या फाटकातून हाक मारली तर चौकातला टांगा थांबायचा. पण या खोलीत तिचाही आवाज चोरट्यासारखा निघाला.

"बाई, इथं सुई पडली तरी ऐकू येते. माझ्या घरातलं मी इथं कसं काढू?"

दोघीचौघी हसल्या.

अनुदानवाल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मग कोपऱ्याकडे बोट केलं. "तो पंखा ना? कारखान्यात का नाही बसवला?"

"मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत," ऐकणारी ओशाळून म्हणाली.

"निदान चालतो का, बघू तरी."

मुक्कामाला येऊन जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा तो पंखा चादर पांघरून बसला होता. तोफेनं चादर ओढली, बटण दाबलं. पंखा आधी कण्हला, मग घरघरला, आणि बघता बघता असा गरजायला लागला की भिंती थरथरल्या. पडदे फुगले. गादीतला कापूस सुटून हवेत तरंगायला लागला.

कांडीवालीला वाटलं, आपण कामावरच आहोत. तसाच गडगडाट, तशीच पांढरी हवा. मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथं सगळ्या नुसत्या ओठांनी बोलायच्या. सासूची गाऱ्हाणी, नवऱ्याची दारू, चुकलेली पाळी, सगळं बिनआवाजी. मालकाला वाटायचं, काय गुणाच्या बायका, मान वर करून बोलत नाहीत!

तिनं मान वर केली. समोर तोफ तिच्याकडेच बघत होती. कांडीवालीचे ओठ आपोआप हलले.

'जाऊबाई रोज येतात. समोरच्या स्टुलावर बसतात.'

थोरली जाऊ हिवाळ्यात गेली होती. खोकून खोकून. कारखान्यातली तिची जागा कांडीवालीच्या समोरच होती.

तोफेचे ओठ हलले. 'काय म्हणतात?'

'म्हणतात, आधी डबा खा. नि नव्या पोरीला नीट बसायला शिकव, पाठ जाईल तिची. मला वेड लागलंय का हो, आक्का?'

तोफेनं डोळ्यांना पदर लावला. 'मेली माझ्याकडं नुसती बघून हसते. तुझ्याशी निदान बोलते तरी!'

कांडीवालीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच हिवाळ्यापासून अडलेलं रडू आलं. शेजारणीनं तिचा हात धरला. गोलातले सगळे ओठ हलत होते. कुणी डोळे पुसत होती, कुणी कपाळावर हात मारत होती. कापूस सावकाश सगळ्यांच्या केसांवर उतरत होता.

अनुदानवाल्या बाई ऐकणारीच्या कानाशी ओरडल्या. ऐकू काही आलं नाही, पण कांडीवालीनं त्यांचे ओठ वाचले. 'कुणी बोलतच नाहीये! बंद करा तो.'

त्यांनी हात पुढे केला. ऐकणारीनं आधीच बटणावर आपला तळवा ठेवला होता. तिचेही ओठ कांडीवालीनं वाचले.

'सगळ्या बोलताहेत.'

अनुदान आणखी एक वर्ष मिळालं, मग ते दुसरीकडे वळलं. अनुदानवाल्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मंडळानं कामगार खात्यात खेटे घातले तेव्हा कुठे मालकाच्या भिंतीला भोक पडलं आणि पंखा कारखान्यात गेला. खोलीत त्याच्या जागी एक भंगारातली मोटर आली, नुसती आवाजासाठी. ऐकणारी ओठ वाचायला शिकली. तोफेचे सगळेच वाचायचे नसतात, एवढं मात्र ती म्हणायची. तोफ पुढं ठार बहिरी झाली आणि घरच्यांचं हवं तेवढंच समजून घेत सुखानं म्हातारी झाली.

कांडीवाली आता सुनेच्या घरी असते. मिक्सर लागला की स्वयंपाकघराच्या दाराशी येते, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघते आणि तिचे ओठ हलायला लागतात.

वाटण कधीच बारीक झालेलं असतं. सून मिक्सर बंद करत नाही.