काठावरची सुपारी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नवरदेव गोपीनाथने खाऱ्या सरोवरात हात बुडवून सांगितले, "मी दारू पीत नाही." पाणी हिरवेच राहिले. खोटे बोलताच पाणी गुलाबी करणारे जिवाणू सोडल्यापासून गावात लग्नाची सुपारी काठावरच फुटते.

"आता सासूबाईंनी हात घालावा," नवरी कुमुद म्हणाली.

"मले कायले वो?" कुरकुरत पार्वताबाईंनी बोटे बुडवली. "सुनेले लेकीवानी वागवीन."

गुलाबी रंग थेट पलीकडच्या काठाला लागला.

"पाणीच खराब हाय!" पार्वताबाई म्हणाल्या.

कुमुदने त्याच पाण्यात हात घातला. "तरी मला मुलगा पसंत आहे."

पाणी आधीच गुलाबी होते; ती खरे बोलली की खोटे, ते रंग उतरल्याशिवाय कळणार नव्हते. सायंकाळी पाचपर्यंत रंग उतरलेला नव्हता आणि सुपारी ताटात अखंड होती.