ढोलाखालचा झिम्मा

मंगळागौरीची गाणी ऐकावीत तर शरदिनीकाकूंचीच, असं बालाजी घाटाजवळच्या सगळ्या मराठी घरांचं मत होतं. म्हणूनच त्यांच्या पुतण्याने, सुश्रुतने, मोठ्या हौसेने त्यांचा अल्बम काढला. आज घरी येऊन त्याने पहिलं गाणं लावलं आणि काकूंचा चेहरा उतरला. ढोल, गिटार आणि कसल्याशा धडधडीखाली त्यांचा आवाज पार दबून गेला होता.

"अरे, यात मी कुठे आहे?"

"काकू, आजकल यही चलता है," सुश्रुत म्हणाला. पण त्यांचे भरलेले डोळे पाहून तो वरमला. "बरं, उद्या सगळं काढून टाकतो. नुसता तुझा आवाज ठेवतो."

तेवढ्यात दिनानाथकाका आतून आले. नऊ वर्षांपूर्वी आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून बायकोचं गाणं त्यांना पारखं झालं होतं. आधारासाठी त्यांनी मोठ्या स्पीकरवर हात टेकवला आणि तो तिथेच राहिला. जरा वेळाने त्यांच्या पायाने ठेका धरला.

"अगं, हा तुझा झिम्मा ना?"

काकूंनी हो म्हणून मान हलवली. काकांनी डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत ते उघडले नाहीत, की हात उचलला नाही.

"मग उद्या ढोल काढू का?" सुश्रुतने हलकेच विचारलं.

"काही काढू नकोस," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "तेच पुन्हा लाव. आणि आवाज वाढव."