गाव कुठंय?

ऊसतोडीचे ट्रक माणसं भरून कारखान्याकडं गेले आणि मनकर्णाआजीच्या सगळ्या गल्लीला कुलपं लागली. आजीचे पाय आता फडात चालत नव्हते, म्हणून तिला घरी ठेवलेलं. सोबतीला तेवढी नात होती, सुकेशनी. तिची बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती.

ओसरीवर नात पुस्तकात डोकं घालून बसलेली. सकाळपासून माणसाचा आवाज न ऐकलेल्या आजीला राहवेना.

"काय वाचायलीस गं? जरा मोठ्यानं वाच की."

"ग्रीक लोक शहराला 'पोलिस' म्हणायचे, आजी. आधी त्याचा अर्थ उंचावरचा किल्ला असा होता. मग तिथं राहणाऱ्या माणसांनाच मिळून पोलिस म्हणायला लागले. घरं-भिंती म्हंजी शहर न्हाई. माणसं जातील तिथं शहर."

आजी समोरच्या बंद दारांकडं बघत राहिली.

"मंग आपलं गाव आता कुठं हाय?"

"कारखान्यावर, उसाच्या फडात!" सुकेशनी हसत म्हणाली.

आजीला हसू आलं नाही. तिनं नातीचा हात घट्ट धरला.

"आन् मंग हितं आपुन दोघी कोण गं?"