टेबलाखालचं यार्ड

"कोपरापर्यंत गेला का?" ड्राफ्ट्समनने वरून विचारलं.

"खांद्यापर्यंत गेला, भावोजी," टेबलाखालून मेहुण्याचा आवाज आला.

ड्राफ्ट्समनची छाती फुगली. यार्डात एखादी गाडी घसरली तर उचलायला हात शिरायला हवा, म्हणून त्याने वीतभर जागा सोडली होती. खोलीभर टेबल, टेबलावर छोट्या गाड्यांचं स्टेशन आणि खाली काळ्या पडद्याआड हे यार्ड. वरची गाडी बोगद्यात शिरली की उतारावरून इथे येऊन थांबायची. बघणाऱ्याला वाटावं, गेली कुठल्या कुठे. खेळणं म्हणालात तर मात्र तो आठवडाभर बोलणार नाही.

तीन महिने त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. चढ मीटरला दोनच सेंटीमीटर, नाहीतर इंजिन धापा टाकणार. प्रत्येक रूळ सगळ्यात लांब गाडीपेक्षा चार बोटं जास्त. असे नऊ रूळ. आठ गाड्यांना आठ आणि एक मोकळा, कारण तोही भरला की यार्ड तुंबलंच म्हणून समजा.

आता गंमत अशी, की बायकोच्या लेखी घरात चारच गाड्या होत्या.

बायको शाळेत गणित शिकवायची. खोली देतानाच तिने बजावलं होतं, चार गाड्या, पाचवी दिसली की टेबल बाहेर आणि माझी शिकवणी आत. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण हौस माणसाला गप्प बसू देते थोडीच? लाल, हिरवी, पिवळी, तपकिरी, प्रत्येकीची जुळी बहीण त्याने गुपचूप आणली. एक खाली विसावली की दुसरी वर यायची. तीच गाडी फिरून आली असं वाटावं, म्हणून मधला वेळ तो घड्याळ लावून मोजायचा. गणिताच्या बाईला वेग आणि अंतर कोण शिकवणार!

"ताईला कळलं तर?" बाहेर येऊन गुडघे झटकत मेहुण्याने विचारलं.

"तुझी ताई या पसाऱ्यात डोकं घालत नाही. आणि घातलंच, तर माझं यार्ड माझी लाज राखेल."

संध्याकाळी छोट्या गाड्यांच्या हौशी क्लबची मंडळी बघायला आली. त्यांचे अध्यक्ष म्हणजे रेल्वेत केस पांढरे झालेला खडूस माणूस, कुणाचं कौतुक करताना त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं. दोन तास गाड्या धावल्या. एक चाक घसरलं नाही की एक गाडी अडली नाही. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला आणि म्हणाले, खालचं यार्ड बघायची गरजच नाही, इतकं चोख नियोजन खऱ्या रेल्वेतही मी क्वचित पाहिलं. ड्राफ्ट्समनला गगन ठेंगणं झालं.

"एकूण गाड्या किती?" अध्यक्षांनी विचारलं.

तो समोरची बटणांची पाटी पुसू लागला.

"चार," शेजारी उभ्या असलेल्या बायकोने पटकन सांगितलं. "आमच्या ह्यांनी चार गाड्यांत हे सगळं उभं केलंय."

तिच्या आवाजातला अभिमान ऐकून त्याला भरून आलं, आणि थोडी लाजही वाटली. पण खोली वाचली होती, टेबल वाचलं होतं. बटणांची पाटी सोडून तो सगळ्यांशी हात मिळवायला पुढे झाला.

तेवढ्यात बोगद्यात खडखड झाली. त्याने तर काहीच दाबलं नव्हतं.

बोगद्यातून एक गर्द निळं इंजिन बाहेर आलं, मागे सात डबे. मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मेहुणा छताकडे बघू लागला. निळी गाडी ड्राफ्ट्समनने जन्मात कधी घेतली नव्हती.

त्याने वळून पाहिलं. पाटीवर बायकोचं बोट होतं.

"ही नववी," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "ही माझी."