बाविसावी डिस्क

बाविसावी डिस्क आजारी आहे, हे त्याला मंगळवारीच कळलं होतं. आज शुक्रवार. सकाळचे अकरा वाजायला पाच मिनिटं होती आणि तो फोनकडे बघत बसला होता.

मशीनच्या खोलीत तो एकटाच असायचा. बाकीचा सगळा विभाग घरून काम करतो. डिस्कला हात लावायला कुणीतरी माणूस लागतो, म्हणून हा गडी तेवढा ऑफिसात. साहेबसुद्धा जे काय सांगायचं ते टाइप करून सांगतात. घरी तरी कुठे वेगळं? बायको जाऊन चार वर्षं झाली. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. संध्याकाळी दुकानात 'एक ब्रेड द्या' म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटतो.

अशात सोमवारपासून एका बाईंचे फोन सुरू झाले. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातल्या बाई. "अहो, जुने एक्स-रे उघडतच नाहीत हो! रांग लागलीय इथे." हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे याच खोलीतल्या कॉम्प्युटरच्या छत्तीस डिस्कांवर साठवलेले.

पहिल्या दिवशी त्याने वेगाची चाचणी घेतली. आकडे एकदम फर्स्ट क्लास. येणारच! गडबडीत त्याने कोऱ्या जागेवर चाचणी घेतली होती. जिथे काही लिहिलेलंच नाही, तिथे वाचायला कितीसा वेळ लागणार? नवशिक्याची चूक, आणि तीही अठरा वर्षांच्या नोकरीनंतर. स्वतःलाच दोन शिव्या हासडून त्याने त्या जागेवर माहिती भरली आणि पुन्हा मोजलं. तरी सरासरी बरी दिसत होती. सरासरी ही एक नंबरची लबाड. शेवटी मंगळवारी त्याने एकेका डिस्कचा आकडा वेगळा काढला. पस्तीस डिस्का दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर देत होत्या. बाविसावी अख्खा सेकंद घेत होती. एका एक्स-रेचे शेकडो तुकडे करून ते सगळ्या डिस्कांवर वाटलेले असतात. एकीने उशीर केला की सगळ्या तिच्यासाठी खोळंबतात.

उपाय सोपा होता. प्रत्येक तुकड्याच्या आणखी दोन प्रती इतर डिस्कांवर असतातच. बाविसावीला बाजूला काढायचं, त्या प्रतींवर काम चालू राहतं. जेमतेम पाच मिनिटांचं काम. ते त्याने केलं नाही.

का नाही केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकलेलं बरं. बाई रोज अकराला फोन करायच्या. एक्स-रे उघडेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत, आणि तेवढ्या वेळात बोलायच्या. गुडघ्याबद्दल, सुनेच्या नव्या नोकरीबद्दल, लिफ्ट बंद असल्याबद्दल. गुडघ्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. त्याने दोन्ही वेळा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. मग त्या विचारायच्या, "नाश्ता झाला का तुमचा?" चार वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोनवर बोलायला इस्त्रीचा शर्ट! म्हणा मूर्ख, तोही स्वतःला तेच म्हणत होता. आणि रोज बाईंना सांगत होता, "बघतोय, बघतोय."

फोन वाजला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

आज बाईंचा आवाज चढलेला होता. "अहो, काय चाललंय काय तुमचं? इथे एका आजोबांना बाकावर बसल्या बसल्या चक्कर आली. सकाळपासून उपाशी आहेत बिचारे. जुना एक्स-रे दिसल्याशिवाय डॉक्टर काही ठरवेनात. पाऊण तास झाला!"

हे आपण केलं. डिस्कने नाही, आपण.

"फोन ठेवू नका," तो म्हणाला. त्याने बाविसावीला बाजूला काढण्याची आज्ञा लिहिली, नंबर दोनदा वाचला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक लाल ओळ आली. बाकीच्या डिस्का कामाला लागल्या. "आता उघडा."

पलीकडे माऊसचा आवाज झाला.

"अगंबाई! उघडला की! अहो, बोट टेकवायचा अवकाश, समोर हजर!" त्यांनी फोन तोंडापासून दूर धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं, "डॉक्टरांना बोलवा, आला आजोबांचा एक्स-रे!"

आता उद्यापासून अकरा वाजता काही होणार नव्हतं. निदान खरं तरी सांगावं, माफी मागावी, आणि त्यानंतरही त्या बोलल्याच, तर अधूनमधून फोन केलेला चालेल का, एवढं विचारावं.

"बाई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मंगळवारीच मी..."

"नंतर हो, नंतर. रांग आहे इथे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "पण तुम्ही देवमाणूस आहात बघा. आठवडाभर रोज कुणीतरी वेगळाच माणूस फोन उचलायचा आणि 'बघतोय, बघतोय' म्हणून माझी बोळवण करायचा. तुम्ही पहिल्यांदाच आलात फोनवर, आणि पाच मिनिटांत केलंत!"