करडा कोट

दुकानातल्या पडद्यामागून तो तरुण लांब करडा कोट घालून बाहेर आला आणि मास्तरांच्या हातातली टाचणी गळून पडली.

"कसा दिसतोय, काका? आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस आहे. सगळ्यांनी सत्तरच्या दशकातले कपडे घालायचेत."

जुने कपडे भाड्याने देण्यात मास्तरांची हयात गेली होती. पण असलेच कोट घातलेले दोन गुप्त पोलीस त्याच दशकातल्या एका पहाटे घरात शिरले आणि वडिलांना घेऊन गेले, तेव्हा मास्तर आठ वर्षांचे होते. वडील परत आलेच नाहीत.

"बेलबॉटम घ्या ना," मास्तरांनी दुसरा हँगर पुढे केला. "या कोटाला त्या काळची माणसं फार भितात. आजोबा घाबरतील."

"आजोबा आणि घाबरणार?" तरुण खळखळून हसला. त्याने मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला. "हे बघा, त्यांचाच कोट. बाह्या अगदी अश्शा हव्यात."

मास्तर फोटोतल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ओळख पटेना. त्या पहाटे त्यांची नजर कोटाच्या वर गेलीच नव्हती.

"आजोबाच सांगतील नीट. गाडीत बसलेत, बोलावतो."

बाहेर गाडीचं दार वाजलं, तसे साठीतले मास्तर टांगलेल्या कपड्यांच्या मागे सरकले आणि श्वास रोखून, अंग चोरून उभे राहिले.